सव्वीस साक्षीदार

"अन् सकाळी याकोबानं नवरीच्या तोंडावरचा पदर सारला तर," दिनकरराव मास्तर म्हणाले, "ती धाकटी राहेल नव्हतीच. सासऱ्यानं थोरली गळ्यात मारली होती. लेआ!"

वर्गात एकच गलका झाला. धनगरांची पोरं ती. बायकोसाठी सात वर्षं सासऱ्याची मेंढरं राखणं म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

निजाम गेल्यावर जिंतूरजवळच्या त्या मिशनशाळेत सरकारनं प्राचीन इतिहास लावला. मिशनला बायबल हवंच होतं. तास एकच होता. मास्तरांनी फळ्यावर मधोमध रेघ ओढली. डावीकडे बाबिलोन, उजवीकडे याकोब. दोन्ही मालक खूश. दोन वर्षांत ती रेघ ओलांडून कोणी काही विचारलं नव्हतं.

आज वच्छला उभी राहिली. "मास्तर, याकोबानं लिहून का न्हाई घेतलं? डावीकडचे लोक तर मातीच्या पाटीवर करार लिवायलेत की! साक्षीदार घेऊन!"

मास्तरांच्या हातातून खडू पडला. अशा दिवसासाठीच माणूस एवढ्या कमी पगारावर टिकून राहतो.

"मंग आपल्या रायभानदादाचं कसं?" मागून कोणीतरी म्हणालं.

रायभानला आईबाप नव्हते. मल्हारीच्या धाकट्या लेकीसाठी, कासाबाईसाठी, तो सात वर्षं त्याची मेंढरं राखत होता. नुसत्या तोंडी बोलीवर. थोरली भागुबाई अजून बिनलग्नाची घरीच होती. लग्न सोमवारी होतं.

मधल्या सुट्टीत ओढ्याची चिकणमाती आली. बाभळीच्या काट्यानं मजकूर कोरला गेला: रायभानला कासाबाईच द्यायची. पाटीवर सगळ्या वर्गानं साक्षीदार म्हणून अंगठे उठवले. बाबिलोनमध्ये दोन-चार पुरत असतील, इथं सव्वीस झाले. मग पाटी डोक्यावर घेऊन मिरवणूक निघाली. मास्तरांनी अडवलं नाही. उलट हजेरीपटावर शेरा लिहिला: 'विद्यार्थी इतिहासात रस घेत आहेत.'

शाई वाळायच्या आत मल्हारी दारात उभा. हातात ती ओली पाटी. मागं पोरं, पोरांमागं अर्धं गाव, आणि सगळ्यांच्या पुढं काठी टेकून रायभान.

"या मल्हारीमामा!" मास्तर हरखून म्हणाले. "अंगठा द्यायला आलात?"

"गावभर काय सांगायलात मास्तर तुमी? ही भानगड तुमाला कळली कुठून? कुणी फोडली, नाव घ्या त्याचं!"

"अहो, साडेतीन हजार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ती. पार तिकडं इराकच्या बाजूची."

"थापा नका मारू," मल्हारी कडाडला. "मी तर अजून बायकोलाबी सांगितलं न्हाई!"