सतरा नंबरचं खरबूज

"खायचं तर कडेचं खा. मधल्या ओळीला हात लावलास, तर या शेतातलं तुझं काम त्या दिवशी संपलं."

सरांनी नोकरीच्या पहिल्याच दिवशी सुनावलेलं हे वाक्य आज संशोधन केंद्राच्या बैठकीत बसल्या बसल्या तिच्या कानात घुमत होतं. खरबुजाच्या चाचणीत प्रत्येक वाणाच्या तीन ओळी असत. कडेच्या दोन कुणीही खाव्यात. मधली मात्र वजनकाट्यासाठी राखलेली. तिच्यातलं फळ गेलं की चाचणीच खोटी. आणि तिने एक खाल्लं होतं. कडेची अजून कच्ची होती, मधलं एक पिकून देठातून सुटायला आलं होतं, आणि सतरा नंबरचा तो वाण तिने स्वतः तीन वर्षं खपून तयार केला होता. आपल्या लेकराचा गुण आपल्यालाच ठाऊक नसावा?

समोरच्या कागदावर सतराच्या पुढे लाल रेघ होती. वीस वाणांत सगळ्यांत कमी वजन.

"तुझं लेकरू नापास, बरं का," शेजारी बसलेला मातीवाला कुजबुजला. मातीचे नमुने तपासणारा तो तिच्याच वयाचा, जीभ मात्र दोन वर्षांनी मोठी.

"सतरा काढून टाकू," सर म्हणाले. "पुढच्या हंगामात बी पेरायचं नाही. कुणाचं काही म्हणणं?"

गप्प बसली तर वाण जाणार होता, बोलली तर ती. तिने मनात देवाचं नाव घेतलं आणि उठली.

"सर, सतराचं पीक कमी आलेलं नाही. फळं धरली तेव्हा मी स्वतः मोजली होती. मधल्या ओळीत चव्वेचाळीस. काट्यावर तेहेतीसच आली."

"मग अकरा गेली कुठे?"

"एक माझ्या पोटात."

सरांनी चष्मा काढला. "आणि दहा?"

"ती मला नाही माहीत, सर."

कोपऱ्यात आकडेवाला बसला होता. सगळ्या चाचण्यांची गणितं हाच मांडायचा. मान वर न करता त्याने विचारलं, "बाकीच्या एकोणीस वाणांत किती कमी आहेत?"

"एकही नाही."

"म्हणजे हा योगायोग नव्हे," तो म्हणाला. मग पेनाचं टोपण काढत-घालत, अगदी खालच्या पट्टीत, "त्यातली तीन माझी."

मातीवाला खोकला. "दोन मी. माती आणायला गेलो होतो सर, वासाने पायच पुढे जाईनात."

वजनाची वही घेऊन मावशी दाराशी उभ्या होत्या. फळं तोलण्याचं काम त्यांचं. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

"आता लपवून काय करू, साहेब? चार मी नेली. सुनेला दिवस गेलेत, पोटात पाणी ठरत नव्हतं तिच्या. आधी सोळाचं नेलं होतं, कडेचं. तिने वास घेऊन बाजूला सारलं. सतराचं तेवढं उतरलं घशाखाली."

"दहा झाली," आकडेवाला सवयीने बोलून गेला. "एक कमी पडतंय."

"कोल्ह्याने नेलं असेल," सर म्हणाले, जरा घाईनेच.

कुंपण जाळीचं होतं, हातभर जमिनीत गाडलेलं. ते सरांनीच उन्हात उभं राहून गाडून घेतलं होतं. पण त्याची आठवण करून देण्याची हिंमत कुणाला झाली नाही. सरांनी लाल रेघेवर फुली मारली आणि शेजारी लिहिलं, 'पुन्हा लावावा. चव तपासावी.' मग चौघांकडे पाहिलं.

"आठवडाभर सकाळी सात ते नऊ तण काढायचं. चौघांनीही."

"मला ते रोजचंच आहे," मावशी म्हणाल्या.

"मग तुम्ही सावलीत बसा आणि या तिघांवर लक्ष ठेवा."

संध्याकाळी ऑफिस रिकामं झालं. ती कागद आवरत होती. मन हलकं झालं होतं. तेवढ्यात सर दाराशी आले. काखेत कापडी पिशवीची घडी.

"सतरामध्ये मागून धरलेली काही राहिलीत का गं वेलावर? वजनं तर झाली सगळी."

"दोन आहेत, सर. का हो?"

सर घुटमळले. पिशवीची घडी उलगडत पुटपुटले, "घरी हिला शब्द देऊन बसलोय, आज आणखी एक आणतो म्हणून," आणि चपलांचा आवाज होऊ न देता शेताच्या वाटेला लागले.