लाफुकेनी मामा जावई पारखतात

"वल्हं उलटं धरलंय, आणि वर हसतोय बघ," लाफुकेनी मामा बहिणीला म्हणाले.

मालावीच्या तळ्यात, काठापासून पन्नास हातांवर, शहरातून आलेला पाहुणा होडीत बसून जागच्या जागी गोल फिरत होता. एका खोडातून कोरलेली अरुंद होडी. आमची शेंबडी पोरंही ती सरळ नेतात. तिसऱ्या फेरीला ती कलंडली आणि पाहुणा पाण्यात गेला. वर आला तोही हसतच.

"याला भाची द्यायची?" मामांनी कपाळाला हात लावला.

"दादा, पुरे हं आता," एनेलेस म्हणाली. "हा चौथा. तादालाला तिसावं लागलं. तुला राजपुत्र हवाय की जावई?"

आमच्याकडे मुलीचं लग्न बाप ठरवत नाही, मामा ठरवतो. लग्नानंतर नवराच बायकोच्या गावी घर बांधून राहतो. म्हणून आधी चार दिवस त्याला राबवून बघायचं. मामांनी असे तीन जण पळवून लावले होते. एकाला मुंग्या चावल्या म्हणून, एक दुपारी झोपला म्हणून. तिसऱ्याचं कारण मामांना स्वतःलाच आठवत नव्हतं.

तादाला दवाखान्यात नर्स होती आणि आता तिचं डोकं फिरलं होतं. "मी निवडलेला मुलगा लिलाँग्वेहून बुधवारच्या बसने येतोय. मामा, यालाही घालवलंस तर मी कचेरीत जाऊन सही करीन. तुला बोलावणारसुद्धा नाही," असा निरोप धाडून ती मावशीच्या गावी जाऊन बसली. परीक्षा संपेपर्यंत मुलीने तोंड दाखवायचं नाही आणि मुलाला नावगाव विचारायचं नाही, अशी रीत. मामांचा त्या पोरीवर फार जीव. तिच्या लग्नात आपण नसू, या विचाराने त्यांना अन्न गोड लागेना. पण नेभळट माणसाच्या गळ्यात तिला बांधायची, हेही त्यांना जमेना.

त्याच दिवशी, बुधवारी, बसमधून उतरल्या उतरल्या पाहुण्याने हात हलवला होता. "मला न्यायला तुम्हीच ना? गावात घरीच राहायचंय ना मला?"

"मग काय झाडावर?" मामा म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी मामांनी त्याला पहाटे उठवून विटा पाडायला बसवलं. माती तुडवायची, साच्यात भरायची, उन्हात मांडायची. दुपारपर्यंत त्याचे हात फोडांनी भरले. मामा तक्रारीची वाट बघत बसले. पाहुण्याने फोन काढला आणि फोडांचे फोटो काढले.

"मामा, अजून पाडू का?"

मामा चक्रावले. संध्याकाळी त्यांनी त्याला रापण ओढायला लावलं. वीस जण दोर धरून काठावर जाळं ओढत होते, गाणं चाललं होतं. पाहुण्याला शब्द येईनात, तरी तो सगळ्यांत मोठ्याने गायला. दोनदा तोंडावर आपटला. बायका हसून हसून खाली बसल्या.

"वेडा आहे," मामा म्हणाले. पण आवाजात कौतुक होतं.

घोटाळा झाला तो तिसऱ्या दिवशी. होणाऱ्या सासूसमोर जावयाने उभंही राहायचं नसतं, ती दिसली की वाट बदलायची. हा गडी थेट एनेलेसच्या चुलीपाशी जाऊन बसला आणि मक्याच्या पिठाचा न्सिमा घोटायला लागला. मामा ओरडायला उठले, तर एनेलेसनेच डोळे वटारले.

"गप बस. गुठळी होऊ देत नाही पोरगा. शहरात कुणी शिकवलं नसेल, इतकंच."

त्या दुपारी लॉजचा नावाडी मातेयू येऊन मामांच्या ओट्यावर बसला. बिचारा रडकुंडीला आला होता.

"लाफुकेनी, यंदाचे पर्यटक म्हणजे ताप आहे बाबा! एक बुधवारच्या बसने आलाय. पाणघोडे दाखवायला नेतो, तर माझं वल्हं हिसकावून घेतो. सकाळी अख्खं आवार झाडून ठेवलं. आचारीणबाई दिसल्या की झुडपात पळतो!"

"शहरातली माणसं," मामा समजुतीने म्हणाले. "पण मनाने वाईट नसतात रे. आमचाच बघ."

मातेयूने मान हलवली. पाहुणा त्या वेळी होडीतून पलीकडच्या खडकाला वळसा घालून परत येत होता. होडी सरळ होती. मामा काठावर उभे राहून नकळत टाळ्या वाजवायला लागले.

त्या रात्री मामांनी एनेलेसला सांगितलं, "तादालाला कळव. म्हणावं, तुझी निवड मामापेक्षा भारी निघाली." सांगताना त्यांना भरून आलं. एनेलेस तर सरळ रडायलाच लागली.

चौथ्या दिवशी सकाळी आंब्याखाली चटया अंथरल्या. गावातली सगळी वडीलधारी जमली. चांबो मासे भाजले होते. मामा धुतलेला सदरा घालून, घसा खाकरून उभे राहिले.

"पाहुणे, मी कडक माणूस. माझ्यापुढे तिघे टिकले नाहीत. तुम्हाला मी चार दिवस बैलासारखं राबवलं, तुमच्या कपाळाला आठी पडली नाही. आम्हाला तुम्ही पसंत आहात. आता तुम्ही सांगा, आम्ही पसंत आहोत का?"

पाहुण्याचे डोळे पाणावले. त्याने फोडांनी भरलेल्या दोन्ही हातांत मामांचे हात घेतले.

"मामा, इतक्या ठिकाणी फिरलो, पण इतकी माया कुठे मिळाली नाही. मी तर घरी कळवूनसुद्धा टाकलं."

"वा! काय म्हणाले घरचे?"

"उड्या मारतायत! रविवारी बायको तिन्ही पोरांना घेऊन निघतेय, तिला इथली सगळी कामं माझ्याबरोबरच करायचीयत."