शिक्कामोर्तब

“त्या सकाळी तुमचा फोन दिंडोरीत होता. तुम्ही कुठं होतात?”

न्यायमूर्तींचा आवाज चढलेला नव्हता. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात ज्ञानेश उभा होता. मागच्या बाकावर बसलेल्या प्रतिभाला नवऱ्याची फक्त पाठ दिसत होती. ती पाठ हलली नाही.

त्यांची सहा वर्षांची तेजल मळ्यातल्या विहिरीत सापडली होती. डोक्यावर घाव होता. प्रतिभा तेव्हा माहेरी, नामपूरला होती. आठवड्यापूर्वीच ज्ञानेशने सावळीराम या गड्याला शिव्या देऊन कामावरून काढलं होतं. सावळीराम तेजलला विहिरीकडे नेत असताना आपण डोळ्यांनी पाहिलं, असं ज्ञानेशने नाशिकच्या कोर्टात शपथेवर सांगितलं. त्या साक्षीवर सावळीरामला फाशीची शिक्षा झाली. निकालाच्या दिवशी त्याची बायको लंकाबाई कोर्टाच्या आवारात प्रतिभाच्या पाया पडायला आली. प्रतिभाने पाय मागे घेतले.

मग वकिलांनी सांगितलं, की सत्र न्यायालयाने फाशीची शिक्षा दिली तरी मुंबईच्या उच्च न्यायालयाने ती कायम केल्याशिवाय कुणाला फासावर चढवता येत नाही. प्रतिभाला ते पटेना. एका न्यायाधीशाने सगळं ऐकून निकाल दिला, आता आणखी कुणाला काय विचारायचं? वरचे लोक नुसता शिक्का मारत असतील, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

पण इथल्या दोन न्यायमूर्तींनी सगळा खटला पहिल्या पानापासून पुन्हा वाचला. खालच्या कोर्टात कुणी मागितलीच नव्हती, ती फोनची माहिती मागवली. ज्ञानेशला पुन्हा साक्षीला बोलावलं.

ज्ञानेशने पाणी मागितलं. मग खालच्या मानेनं सांगितलं, की तो पहाटेच झेंडू घेऊन दिंडोरीला गेला होता. परत आला तेव्हा पोरीला विहिरीतून बाहेर काढलेलं होतं.

न्यायमूर्तींनी निकाल राखून ठेवला. पण आता त्या खटल्यात काही उरलं नव्हतं, हे प्रतिभालाही कळलं. इतकी वर्षं ती रोज दिवा लावताना ज्याच्या मरणाची प्रार्थना करत होती, त्या माणसाला तेजलबरोबर कुणीच पाहिलं नव्हतं.

बाहेर जिन्यापाशी तिने नवऱ्याला गाठलं. का, एवढंच विचारलं.

“सगळं गाव म्हणत होतं, त्यानंच केलं,” ज्ञानेश म्हणाला. “पण पाहणारं कुणी नव्हतं. तसाच सुटला असता तो. म्हणून मी पाह्यलं.”

प्रतिभा कठड्याला धरून उभी राहिली. रडू आलं नाही. तेजलला आणलं त्या दिवशी ओसरीवर जमलेली माणसं तिच्या डोळ्यांसमोरून जाऊ लागली. कुणी तिच्या डोक्यावरून हात फिरवला होता, कुणी चहा करून पाजला होता. त्यांच्यातलेच काही पुढे प्रत्येक तारखेला कोर्टात सोबत येत.

“पाहणारं कुणी नव्हतं, तर सावळीरामनं केलं, असं सगळ्यात आधी कोण म्हणालं?” तिने विचारलं.

ज्ञानेश आठवू लागला. नाव त्याच्या ओठांपर्यंत आलं, आणि तो तिथेच पायरीवर मटकन बसला.