अकरावी दुर्बीण

"डावीकडे धुकं आहे," असं म्हणत तपासनीसांनी अकरावी दुर्बीण काउंटरवर ठेवली.

दुकानदाराने ती उचलली, पिवळ्या फडक्याने पुसली आणि स्वतःच्या डोळ्यांना लावली. दुकानाच्या दारातून रस्ता सरळ उतरत जात होता. त्याच्या टोकाला पाण्याची टाकी होती आणि टाकीमागे डोंगर, दुपारी झोप लागल्यासारखा.

"साहेब, टाकीवर कबुतर बसलंय. त्याच्या डोळ्याभोवतीचं लाल कडंसुद्धा दिसतंय मला."

"कबुतर चांगलं आहे. दुर्बीण वाईट आहे."

"आत नायट्रोजन भरलाय हो! धुकं धरायची सोयच नाही त्यात. पाण्यात बुडवा, दरीत टाका..."

"टाकतो की. दरीत टाकण्याच्याच लायकीची आहे."

तपासनीसांनी काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं बाटल्या दिव्यासमोर धरल्या होत्या. दहा फुटांवरून त्यांना केसाएवढी चीर दिसायची. त्यांचा 'नापास'चा शिक्का दोनदा झिजला, तेव्हा कारखान्याने नवा करून दिला. निवृत्तीच्या दिवशी मात्र जुनाच भेट दिला.

त्यांची बायको कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीत थर्मास. ती नुसती दारातून दिसणाऱ्या डोंगराकडे बघत होती, बिनदुर्बिणीची.

त्या डोंगरापलीकडे एक तळं होतं. दरवर्षी थंडीत तिथे हंस उतरायचे आणि या महिन्याच्या अखेरीला उडून जायचे. ते बघायला जायचं म्हणून पाच वर्षांपूर्वी तंबू घेतला होता. तो एकदाच उघडला गेला, दिवाणखान्यात, सोफा सरकवून. बायको दुपारभर आत बसून राहिली. चहासुद्धा तिने आतच मागवला. मग तंबू माळ्यावर गेला. चार वर्षं रजा मिळाली नाही. आता सगळ्या वर्षाचीच रजा होती, तर दुर्बीण मिळत नव्हती. महिना संपायला सहा दिवस उरले होते.

"आधीच्या दोन दुकानांतही हेच," तपासनीस म्हणाले. "आठ पटीची घ्या, दहा पटीची घ्या, सगळ्यांची डावी नळी धुरकट. हल्ली कोणाला कामाची लाजच राहिलेली नाही."

दुकानदाराने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. बायकोने त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्याने तोंड मिटलं आणि फडक्याची घडी घालायला घेतली.

ती उठली आणि काउंटरपाशी आली. नवऱ्याच्या डाव्या हाताला. तीस वर्षं ती उजवीकडून चालायची. गेल्या वर्षी बाजू बदलली आणि रस्ता ओलांडताना त्यांचं कोपर धरायला लागली. वय झालं की माणसाला खोडी लागतात, असं तपासनीसांनी मनात नोंदवून ठेवलं होतं.

"अहो, ती उलटी धरून बघा एकदा."

"उलटी? म्हणजे टाकी लांब पळेल."

"पुढचं मागे नाही हो. वरची बाजू खाली करा. डावी नळी उजव्या डोळ्याला."

"दुर्बीण आहे ती. चादर नाही बाजू बदलायला."

"बघा तर."

बायकोच्या समाधानासाठी त्यांनी दुर्बीण पालथी केली आणि डोळ्यांना लावली. मगाशी नापास झालेली नळी आता उजवीकडे आली होती.

उजवीकडे टाकी लख्ख होती. तिच्या लोखंडी शिडीच्या पायऱ्या मोजता येत होत्या. कबुतराने मान वळवली, तशी गळ्यावरची हिरवी झाक जांभळी झाली. आणि डावीकडे धुकं होतं. मऊ, दुधाळ, जागचं न हललेलं.

तपासनीसांनी दुर्बीण सुलटी केली, मग पुन्हा पालथी; धुकं डावीकडेच राहिलं. कारखान्यात नव्या पोरांना ते पहिल्याच दिवशी एक नियम सांगायचे. दहातल्या एका बाटलीत डाग दिसला, तर बाटली फेका. दहाच्या दहा बाटल्यांत दिसला, तर आधी आपला दिवा पुसा.

त्यांनी दुर्बीण खाली ठेवली. अगदी हळू, काच असल्यासारखी.

"तुला कधी कळलं?"

"मागच्या वर्षी तुम्ही विजेच्या खांबाला 'माफ करा, ताई' म्हणालात, तेव्हा."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते. डोळे दाखवून या म्हटलं. तुम्ही म्हणालात, डॉक्टरचा चष्मा आधी तपासायला हवा."

दुकानदार खोकला. हसू लपवायला माणसं खोकतात तसा.

"मोतीबिंदू असेल तर अर्ध्या तासाचं काम, साहेब," तो म्हणाला. "आपल्याकडे एकनळी दुर्बीणही आहे. तोवर..."

"दोन नळ्यांचीच द्या, हीच," बायको म्हणाली. "डॉक्टरांची वेळ मी मंगळवारची घेतलीय. शनिवार-रविवार हंस बघू. डोळा दोन दिवस थांबेल, हंस नाही थांबायचे."

तपासनीसांनी अकरावी दुर्बीण गळ्यात अडकवली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी नापास केलेला माल परत आत घेतला होता.

ती दोघं रस्त्यावर आली. उजवीकडे सगळं जग लख्ख होतं, दुकानांच्या पाट्या, सायकली, उन्हातली माणसं. ती नेहमीसारखी डावीकडे आली आणि तिने कोपर धरलं. तपासनीसांनी मान पूर्ण वळवून तिच्याकडे पाहिलं. माळ्यावरच्या तंबूची वाट न बघता ती गेलं वर्षभर त्यांच्या धुक्यात तंबू ठोकून राहिली होती.