चिकटपट्टी

"ताई, पान फाटलं तर काय करायचं असतं हो?" धाकटीने हळूच विचारलं.

मुख्याध्यापिकांच्या खोलीबाहेरच्या बाकावर दोघी जावा शेजारी शेजारी बसल्या होत्या. जागा एकच होती, शाळेच्या अर्धवेळ ग्रंथपालाची. दिवसाचे चारच तास म्हटल्यावर बाकीच्यांनी पाठ फिरवली होती आणि मुलाखतीला या दोघीच उरल्या होत्या.

"कसलं पान?"

"शिपाईमामा म्हणाले, आत टेबलावर एक फाटकं पुस्तक ठेवलंय, त्यावरच विचारतात. मला बाई वाचण्यापलीकडे काही येत नाही."

हे असं. धाकटी असं काही बोलली की ऐकणाऱ्याला वाटायचं, किती साधी पोर! सासूबाई तर विरघळायच्याच. थोरली सहा वर्षं या शाळेत फुकट राबत होती. पुस्तकांना कव्हरं घालायची, कपाटं पुसायची, नोंदी करायची. तिथे जाऊन काय करतेस, असं घरात तिला कुणी एकदाही विचारलं नव्हतं. धाकटी दोन खोकी पुस्तकं घेऊन लग्न करून आली आणि महिन्याभरात सासरे पाहुण्यांना सांगू लागले, आमची धाकटी फार वाचते. कानामागून आली आणि तिखट झाली.

बरं, या जागेची जाहिरात थोरलीनेच जेवताना मोठ्याने वाचून दाखवली होती. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला होता. "मी पण अर्ज करू का, ताई?" धाकटीने सगळ्यांसमोर विचारलं. सगळ्यांसमोर नाही कसं म्हणणार? "कर की," थोरली म्हणाली होती, आणि त्या दिवसापासून तिला अन्न गोड लागत नव्हतं.

"सांगा ना, ताई."

"चिकटपट्टी लावायची," थोरली म्हणाली. "ती पारदर्शक मिळते ना, ती. दोन्ही बाजूंनी."

"बस्स?"

"बस्स."

पुस्तकं सांभाळणाऱ्या कुणालाही विचारा, चिकटपट्टी म्हटलं की तो कपाळाला हात लावेल. चार वर्षांत ती पिवळी पडते, शेजारच्या पानाला धरून बसते आणि ओढायला जावं तर अक्षरं उचलून आणते. थोरलीने मागची अख्खी सुट्टी असल्या पट्ट्या सोडवण्यात घालवली होती.

शिपाईमामांनी धाकटीला आत बोलावलं. "येते हं," म्हणून ती गेली. जरा वेळाने दारातून मुख्याध्यापिकांचं हसू ऐकू आलं, चांगलं मोकळं, खळखळून. थोरलीशी बोलताना ही बाई सहा वर्षांत कधी हसली नव्हती. पट्टी सांगितली ते बरंच केलं, असं थोरलीला वाटलं.

मग तिची पाळी आली. मुख्याध्यापिकांच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते, दुसऱ्या एका शाळेतले निवृत्त ग्रंथपाल. त्यांनी प्राण्यांचं एक चित्रमय पुस्तक तिच्यासमोर सरकवलं. पाणघोडा मधोमध फाटला होता.

"याचं काय कराल?"

"खळ लावीन. अगदी पातळ कागदाचा तुकडा घेऊन वर बसवीन. तो कापायचा नाही, हाताने फाडायचा, म्हणजे कडा दिसत नाही. मग दिवसभर वजनाखाली."

"आणि चिकटपट्टी?"

"मी असेपर्यंत तरी नाही."

म्हातारे गृहस्थ खुर्चीत पुढे सरकले. "गंमत आहे. तुमच्या जाऊबाई पट्टीच म्हणाल्या. मी म्हटलं, नक्की? तर म्हणाल्या, ताईंनी सांगितलंय म्हणजे तेच बरोबर, त्यांना यातलं माझ्या दसपट कळतं."

दोघंही तिच्याकडे बघत राहिले. थोरलीचे कान तापले. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"तिचा काहीतरी गोंधळ झाला असेल," ती म्हणाली. "पुस्तकी आहे हो ती. सांगावं एक, ऐकते भलतंच."

मुख्याध्यापिका हसल्या. अगदी मघासारखंच, मोकळं. "सोमवारपासून या," त्या म्हणाल्या.

बाहेर धाकटी उभीच होती. "मिळाली?"

"सोमवारपासून."

"वा, ताई! मला माहीतच होतं." तिने थोरलीचे दोन्ही हात धरून हलवले. ती खरोखरच खूश दिसत होती, आणि थोरलीला तेही सहन होईना.

जिना उतरताना मात्र धाकटी मागे मागे राहू लागली. फाटकापाशी उभ्या केलेल्या स्कूटरजवळ आल्यावर ती थांबली.

"मी पट्टी म्हटलं तेव्हा ते आजोबा चष्म्यावरून माझ्याकडे बघायलाच लागले."

थोरली स्कूटरच्या सीटवरची धूळ झटकू लागली.

"पट्टी लावत नाहीत ना, ताई?"

थोरलीने तोंड उघडलं. आत जसं पटकन सुचलं होतं, तसं इथे काही सुचेना.

"नाही," ती म्हणाली.

धाकटी रडली नाही की भांडली नाही. भांडली असती तर थोरलीनेही चार शब्द सुनावले असते. धाकटीने गुमान स्कूटर वळवून घेतली, सुरू केली आणि मागे न बघता म्हणाली, "बसा. रस्ता खराब आहे, नीट धरा."

थोरली मागे बसली. धरायला धाकटीच्या खांद्याशिवाय दुसरं काही नव्हतं.