डावी कळी

कौल लावायला गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवल्या. "बोला, वहिनी."

"उद्या डॉक्टरांना सांगायचंय," ती म्हणाली. "नुसती गाठ काढून रेडिएशन घ्यायचं, की अख्खा स्तनच काढायचा? ते म्हणतात, जिवाला दोन्हींत धोका सारखाच, तुम्ही ठरवा. उजवी कळी पडली तर नुसती गाठ काढते. डावी पडली तर सगळंच."

नवऱ्याने हात जोडले. तिची नजर डाव्या कळीवरून हलेना.

उजवी पडली.

"सुटलो!" नवरा म्हणाला.

"काका, पुन्हा लावा ना."

"एका गोष्टीला कौल एकदाच, वहिनी."

"मग देवीला सांगा, रागावू नको. गाठ परत आली का म्हणून रोज सकाळी घाबरत चाचपणं मला नाही जमायचं. मी मनातून डावीच मागत होते."