कोरडा वारा

वाळवंटातल्या त्या शहराला नळाचं पाणी हवेतून मिळे. प्रत्येक नव्या वस्तीबरोबर हवेतली ओल शोषणारे नवे मनोरे उभे राहत. सतरा वस्त्यांचे मनोरे इंजिनिअर वत्सला धारपांनी उभारले होते. निवृत्तीनंतर त्या शहराबाहेर, मेंढपाळ हुकमारामच्या घरी गेल्या. सर्वेक्षणाच्या दिवसांत त्यांचा मुक्काम तिथेच असे.

अंगणातलं खेजडीचं झाड वाळून गेलं होतं. मेंढ्यांचा वाडा रिकामा होता.

"तीन वर्षं झाली बाईसा, पहाटे दवच पडत नाही," हुकमाराम म्हणाला. "दवावरच तर गवत जगायचं."

वारा शहरावरूनच इकडे येत होता.

"हे माझ्या मनोऱ्यांमुळे झालं," वत्सलाबाई कशाबशा म्हणाल्या.

तो रागावला नाही. घरातून एक अर्ज आणून त्याने संकोचत पुढे केला. "आता इथे राहून काय करू? अठराव्या वस्तीत एखादी खोली मिळेल का? तुमच्या शब्दाला वजन आहे."

अठरावी वस्ती म्हणजे आणखी चाळीस मनोरे, आणि वाऱ्याच्या वाटेवरची आणखी काही घरं उजाड. वत्सलाबाईंना ते पुरतं ठाऊक होतं. तरी त्यांनी पेन काढलं आणि अर्जावर शिफारशीची सही केली.